तिच्या हाळीला दोन किल्ल्या

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे म्हशीची धार. ती काढत होती आणि मी शेपूट धरून उभा होतो. आमच्या म्हशीला शेपटीचा फटका मारायची खोड, म्हणून रोज संध्याकाळी माझं एवढंच काम. त्या दिवशी माशी हाकलायला मी हात सोडला आणि शेपटी तिच्या कानावर बसली.

"धरा की नीट! झोपलाय व्हय?"

"तूच उरक की लवकर. हात अवघडला."

"शेपूट धरून हात अवघडला म्हणं! म्हशीचं नशीब, तुमच्या हातात सड न्हाईत."

एवढंच बोलणं झालं. ती दुधाची चरवी घेऊन डेअरीत गेली, मी वैरण टाकली, मग दोघांनी भाकरी खाल्ली. काय कालवण होतं तेसुद्धा मला आता आठवत नाही. पहाटे ती गोठ्यात जायला उठली आणि हौदापाशी खाली बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, त्यांना कळलंसुद्धा नसेल. बरं झालं म्हणायचं. हातातला मोबाईल हौदात पडला होता. तो दुसऱ्या दिवशी म्हैस पाणी पिईना म्हणून बघितलं तेव्हा सापडला. पार मेलेला.

माणूस गेल्यावर लोक येतात, रडतात, जेवतात, जातात. म्हशीला यातलं काय कळत नाही. तिला संध्याकाळी कास भरली की मोकळी व्हायचं असतं. पण ती दूधच सोडेना.

हे नीट सांगतो, कारण शहरातल्या माणसाला वाटतं सड ओढला की दूध येतं. तसं नसतं. म्हैस पान्हवावी लागते. रेडकू असलं तर ते ढुशी मारतं आणि म्हैस दूध सोडते. आमचं रेडकू पावसाळ्यात मेलं होतं. तेव्हापासून म्हैस माझ्या बायकोच्या हाळीवर पान्हवायची. ती भिजवलेल्या पेंडीचं आंबोण पुढं ठेवायची, पाठीवर थाप मारायची आणि एक लांब हाळी घालायची. त्या आवाजाला म्हशीचे कान मागं वळायचे आणि दूध उतरायचं. मला कधी ती हाळी नीट जमली नाही. मी घातली की म्हैस माझ्याकडं असं बघायची, जसं सावकार वसुलीला आलाय.

मी सगळं करून बघितलं. तिचं लुगडं अंगाला गुंडाळून बसलो. बायकोच्या वासाला म्हैस फसते असं आमच्यात पहिल्यापासून करतात, त्यात लाजायचं काय? म्हैस फसली नाही. लाथ मारून चरवी उडवली आणि मी लुगड्यासकट शेणात. कास दगडासारखी व्हायला लागली. चहापुरतं दूध कसंबसं निघायचं. एक व्यापारी दारात येऊन गेला. एकजण म्हणाला, सुई टोचा, दूध आपोआप येतंय. ती जिवंत असताना त्यानं हे म्हटलं असतं तर तिनं सुई त्यालाच टोचली असती. पोरगा म्हणाला, "आबा, विकूया म्हैस. तुमच्यानं व्हायचं न्हाय."

मी म्हटलं, "आठ दिस थांब." थांबून काय होणार ते मला माहीत नव्हतं.

मग सुनेला आठवलं. म्हणाली, "मामा, आत्यांनी हाळी रेकॉर्ड केली होती ना? गडहिंग्लजला जायच्या वेळी?"

केली होती. थंडीत लेकीकडं गडहिंग्लजला चार दिवस जायचं ठरलं होतं. आपण नसताना म्हशीचं कसं व्हायचं म्हणून तिनं गोठ्याचं दार लावून मोबाईलमध्ये हाळी भरली. मी बाहेरून विचारलं, "दार कशाला लावतीस?" तर म्हणाली, "तुमच्या ऐकण्याजोगं न्हाय ते. मी गेले की सुनेच्या फोनवर लावायचं." मग जाणं लांबलं, आणि ती हाळी तिच्या खात्यात कुलपात राहिली.

आता हे खातं कसलं ते सांगावं लागतं, आणि सांगणारा मी चौथी शिकलेला. सून कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिच्या सांगण्याप्रमाणे हे आपल्या नेहमीच्या सोशल मीडियासारखंच. लोक बोलतात, दुसरे ऐकतात. फरक एवढाच की ह्याला मालक नाही. टाकलेलं कुठल्या एका कंपनीच्या कपाटात नसतं. एकच नोंद हजार ठिकाणी असते, एकमेकीला साखळीनं बांधलेली. ब्लॉकचेन म्हणतात. खातं आपलं आणि किल्लीही आपली. उद्या कुणाच्या मनात आलं म्हणून तुमचं खातं बंद होत नाही.

ऐकायला झकास. पण नवीन माणूस उंबऱ्यातच अडखळायचा. खातं काढलं की मशीन बारा इंग्रजी शब्द द्यायचं. ते ओळीनं जपायचे. हरवले की खातं गेलं, आणि तक्रार करायला हापिस नाही, कारण मालकच नाही. सुनेची नोकरी हीच, की नवख्या माणसाला हे सोपं करायचं. आणि नवखी म्हणून तिनं सासूलाच धरलं. दोघी स्वयंपाकघरात फतकल मारून बसायच्या.

"आत्या, हे बारा शब्द कुणाला दाखवायचे नाहीत."

"मलाच वाचता येईनात, दुसऱ्याला काय दाखवू?"

"पाठ करायचे."

"अगं, माझ्या भाचरांची नावं ओळीनं घेताना चुकते मी. तुझ्या ह्या इंग्रजी भाचरांचं कुठं ध्यानात ठेवू?"

सून हसायची आणि जाऊन कंपनीत सांगायची. तशा पुष्कळ बायकांनी सांगितलं असणार. काही महिन्यांनी ती नवीन तऱ्हा घेऊन आली. बारा शब्द गेले, त्यांच्या जागी राखणदार आले. आपण गावाला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवतो, तसं. भरवशाची तीन माणसं ठरवायची. फोन हरवला, बिघडला, तर त्यातल्या दोघांनी होकार दिला की खातं दुसऱ्या फोनवर उघडतं. लिहायला नको, बोललं तरी चालतं. राखणदाराचं नावही दिसत नाही, आपण निवडलेलं चित्र दिसतं. चोराला कळायला नको, कुणाला धरायचं ते.

"मग तुलाच ठेवते की राखणदार," ती सुनेला म्हणाली. आणि लगेच, "न्हाय, तू नगं. तू कंपनीची. कंपनीच्याच माणसाकडं किल्ली द्यायची तर आधीचं मालकवालंच काय वाईट हुतं?"

सून माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, आमच्या साहेबांना हे समजवायला मला दोन मिटिंग लागल्या होत्या."

त्या खात्यावर ती बोलायची. कास सुजली तर काय लावावं, पेंड किती भिजवावी, व्यायला झालेली म्हैस ओळखायची कशी. आमच्या कसबा बावड्यातल्याच नाही, पार बिद्रीकडच्या बायका ऐकायच्या. बोलून बोलून तिची जीभ सैल झाली, आणि राखणदार यायच्या आधीच एक दिवस घात झाला.

आमच्या बांधापलीकडं एक बाई राहते. माझ्या बायकोच्या माहेरची, बिद्रीकडचीच. दोघी एका वर्षी लग्न होऊन बावड्यात आल्या. मी तिला अक्का म्हणतो, ती मला दाजी. दोघींचं एकमेकीवाचून पान हलत नव्हतं. त्या दिवसांत अक्काच्या दुधाला डेअरीत फॅट कमी लागत होतं. माझी बायको खात्यावर बोलताना बोलून गेली, "आमच्या बांधापलीकडं दूध पातळ का लागतंय, ते देवाला ठाऊक आणि नळाला ठाऊक."

नाव घेतलं नव्हतं. पण बावड्याला बांध माहीत आहे की! सकाळपर्यंत सगळ्यांनी ऐकलं होतं. पुढच्याच आठवड्यात आमच्याही दुधाला फॅट कमी लागलं. नव्या कवळ्या वैरणीमुळं होतं ते. हिला पश्चात्ताप झाला. सुनेला म्हणाली, "पूस ते."

"आत्या, पुसता येत नाही. झाकता येतं, पण नोंद राहते."

"असलं कसलं यंत्र? तोंडातनं निघालेलं तरी माणूस इसरतंय!"

मग तिनं त्याच्याच खाली दुसरं बोलून ठेवलं, मी चुकीचं बोलले, वैरणीचा दोष होता, माणसाचा नव्हता. पण अक्का फिरकली नाही. अबोला पडला. एकाच बांधावर दोघी वैरण कापायच्या, पाठीला पाठ लावून. सुनेनं नंतर त्या मशीनमध्ये एक गोष्ट घातली. काहीही टाकायच्या आधी ते मराठीत विचारतं, "हे नंतर पुसता येणार नाही. टाकायचं का?" आता कुठकुठले लोक ते ऐकत असतील. ते आमच्या बांधावरच्या भांडणातनं निघालंय.

तर सुनेनं माझ्यासाठी नवा फोन आणला आणि खातं उघडायला लावलं. पडद्यावर तीन चित्रं आली. बाहुली, लाल मिरची आणि पितळी तांब्या.

बाहुली म्हणजे लेक. तिला गडहिंग्लजला फोन केला. ती रडतच होकार देऊन मोकळी झाली.

तांब्या म्हणजे मी. मी त्याच तांब्यानं पाणी पितो, घरात दुसऱ्या कुणी त्याला हात लावत नाही. पण तांब्याखाली लिहिलं होतं, होकार बाकी. माझ्याकडं बटणाचा फोन होता, त्यावर हे चालत नाही. मोठा फोन घ्या म्हणून ती मागं लागायची आणि मी म्हणायचो, कानाला लावायला एवढा पुरे. तिनं माझी जागा तशीच धरून ठेवली होती. आणि आता तिचं खातं बंद असताना मला त्यात बसता येत नव्हतं.

राहिली मिरची. सुनेला कळेना मिरची कोण. मला बघताक्षणी कळलं. बोलणं होतं तेव्हा ही अक्काला मिरचीच म्हणायची. अबोल्यात किल्ली दिली होती बाईनं! सुनेनं तोंडावर हात ठेवला. "मामा, त्यांनी नाही म्हटलं तर? मग कुणालाच उघडता येणार नाही. मलासुद्धा नाही, कंपनीलासुद्धा नाही."

मी चप्पल घातली. आयुष्यात कधी कुणाच्या दारात जायला भ्यालो नाही, पण त्या दिवशी बांधावरनं दोनदा मागं वळलो. तिचा आवाज त्या बाईच्या एका बोटावर होता.

अक्का अंगणात शेणी लावत बसली होती.

"अक्का, हाईसा का?"

"हाय की. मेले न्हाय अजून." बोलली आणि जीभ चावली. मग आणखीच चिडली. "काय काम काढलं दोन वर्सांनी?"

"अबोला तुम्हा दोघींचा. मला का धरताय त्यात?"

"तुम्ही तरी कधी बोललासा? मी बांधावर दिसले की आभाळाकडं बघत जायचा. आभाळात म्हैस व्याली हुती व्हय?"

खरंच तसा जायचो मी. मातीला ती आली होती, सगळ्यांच्या मागं उभी राहून न बोलता गेली होती. मी दगडावर बसलो आणि सगळं सांगितलं. म्हैस, कास, व्यापारी, हाळी, मिरची. मिरचीवर ती जराशी हसली.

"मला ठावं हाय किल्लीचं," ती म्हणाली. "फोन एकदम बोलला, ह्या बाईनं तुम्हाला राखणदार नेमलंय, हो का न्हाई? म्हटलं, ही बया तोंडानं बोलंना आणि किल्ली देतीया."

"मग?"

"मग काय, हो म्हटलं."

"तिला इचारलं न्हाईसा, का दिलीस म्हणून?"

"अबोला हुता की!"

मी म्हटलं, "मलाबी देणार हुती. माझी जागा मोकळीच हाय अजून."

"तुम्हाला? हिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली तीनदा घालवलीसा. सगळ्या शिवाराला ठावं हाय."

तिनं हात धुतले, पदराला पुसले, पण फोन आणायला उठेना. कोंबडीला उगाच हाकललं. मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो. मग तिनं विचारलं, "ते नळाचं तसंच हाय का अजून?"

"हाय. पुसता येत न्हाय ते. खाली तिचं दुसरं हाय, चुकले म्हणून."

"ते ऐकलंय मी. लई येळा ऐकलंय."

"खातं उघडलं की नळाचं झाकायला सांगतो सुनेला. कुणाला दिसायचं न्हाय."

तिनं तोंड बांधाकडं फिरवलं. माझ्या मनात आलं, संपलं, ही आता नको म्हणणार, म्हैस बाजारात जाणार आणि बायकोचा आवाज कुठल्या हजार मशिनींत कुलपात पडून राहणार, कुणाच्याच कामाचा नाही.

"झाकू नगा," अक्का म्हणाली. "शिवी असू दे, न्हाईतर काय बी असू दे. बोलल्याली ती हाय की."

आणि घरात जाऊन फोन घेऊन आली. माझ्या फोनवरून सुनेनं आधीच मागणी लावून दिली होती. अक्काच्या फोनातली बाई मराठीत, शाळेतल्या बाईसारखं सावकाश बोलायला लागली.

"मागणी करणाऱ्या व्यक्तीला तुम्ही ओळखता का?"

"ओळखते की! उभा जन्म हेच तोंड बघाय लागलंय."

"ती व्यक्ती आत्ता तुमच्या समोर आहे का?"

"हाय. दगडावर दगड बसलाय."

मशीनला ते पटलं नाही. हिरवं बटण दाबा म्हणालं. अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि दाबलं. मी तिच्या देखतच डोळे पुसले. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं.

पण मशीनचं संपलं नव्हतं. "दोन्ही होकार मिळाले. खातं उद्या सकाळी उघडेल. तोपर्यंत मूळ मालकाने नको म्हटल्यास उघडणार नाही."

सुनेनं मला नंतर समजावलं, की कुणी दोघं संगनमत करून खातं लांबवायला बघत असतील तर खऱ्या मालकाला कळावं आणि अडवता यावं, म्हणून तेवढी मुदत ठेवतात. बरोबरच आहे. पण त्या वेळी अंगणात आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

"म्हणू दे की नगं," अक्का म्हणाली. "नगं म्हणायला तरी येऊ दे एकदा."

मग तिनं चहा केला. दोन वर्षांनी तिच्या हातचा चहा प्यालो. साखर तेवढीच जास्त होती. उठताना मी म्हटलं, "दूध मात्र घट्ट हाय हो अक्का." तिनं पाटीतलं शेण उचलून माझ्यावर उगारलं.

घरी येऊन मी निवांत झोपलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

तिनं काही नको म्हटलं नाही.

सकाळी उठलो, आंबोण कालवलं, म्हशीची कास कोमट पाण्यानं धुतली. सुनेनं दाखवून ठेवलं होतं तसं, कुलपाच्या चित्रावर बोट ठेवलं. मराठीतली बाई म्हणाली, "खातं उघडलं आहे." कुलपात एकच गोष्ट होती. फोन मी दावणीच्या खुंटीला पिशवीत अडकवला आणि बुडाखाली पाट घेऊन बसलो.

आधी थाप मारल्याचा आवाज आला. मग ती हाळी. लांब, चढत जाणारी, शेवटाला जरा फाटलेली. म्हशीचे दोन्ही कान मागं वळले. माझेही वळले असणार. आणि हाळी संपल्यावर तिचं बोलणं, जे माझ्या ऐकण्याजोगं नव्हतं.

"हे बघ बाय माझी, मी गावाला गेलीया. ह्यांचा हात खरबरीत हाय, जरा सोस. माणूस तोंडानं वंगाळ हाय, पोटात काय न्हाय. लाथ मारू नगंस त्यास्नी. पडलं तर हाड मोडंल आणि मलाच करावं लागंल सगळं. चार दिसात येते मी. ये बाय, सोड. सोड गं."

सडात दूध उतरल्याचं हाताला आधी कळतं. गरम होतं, फुगतं. पहिली धार चरवीच्या बुडाला वाजली, मग दुसरी, आणि मग आवाज बदलला, भरत चालल्याचा. हाळी संपली की मी कोपरानं फोन दाबून परत लावत होतो. परत ती गावाला जात होती, परत चार दिवसांत येत होती. म्हैस रवंथ करत होती.

शेपूट धरायला कुणी नव्हतं. एकदा डोक्यावर बसली, एकदा सरळ कानावर. बसू दे म्हटलं.

बांधापलीकडून आवाज आला, "दाजी! आली का धार?"

"आली!" मी ओरडलो. "आली हो अक्का!"

"मग ओरडताय कशाला? म्हैस बुजंल की!"

मी चरवी भरली, वर फडकं टाकलं आणि डेअरीच्या वाटेला लागलो.